ओळ चौदा, जागा नऊ

मोजणीकाकांनी घराण्याची वंशावळ काढायला घेतली तेव्हा ती दिवाणखान्याच्या भिंतीवर मावेल एवढीच असेल, अशी काकूंची भाबडी समजूत होती. पण चौतीस वर्षं भूमापन कचेरीत नकाशे काढलेला माणूस निवृत्तीनंतर साधा कागद हातात धरेल, हे शक्यच नव्हतं. त्यांनी नकाशाचा जाड कागद आणला, पेन्सिलींना टोकं केली, प्रमाण ठरवलं (एक पिढी म्हणजे बरोबर आठ सेंटिमीटर) आणि प्रत्येक पूर्वजाला एकेक चौकोन दिला. चौकोनात जन्म कुठे आणि मृत्यू कुठे, हे काळ्या शाईत. हयातीत एकमेकांचं तोंड न पाहणारे चुलते आता दोन मिलिमीटर अंतरावर मुकाट बसले.

अख्खी इमारत त्यांना मोजणीकाकाच म्हणे. कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी ते खोलीवर एक नजर फिरवत आणि "ही भिंत काटकोनात नाही बरं का," असं सांगून यजमानाच्या चहाची चव घालवत. माणूस मनाने वाईट नव्हता. फक्त आपण बरोबर असण्याची त्यांना फार वर्षांची सवय होती.

एकशे बारा चौकोन भरले. एक रिकामा राहिला. तो होता थोरल्या काकांचा, म्हणजे मोजणीकाकांच्या वडिलांच्या सगळ्यात मोठ्या भावाचा. हे काका सुतार होते. एकोणिसाव्या वर्षी बोटीवर सुतारकामाला लागले आणि त्याच वर्षी समुद्रापलीकडच्या एका बंदरात तापाने गेले. तिथेच त्यांना पुरलं. बरोबरच्या खलाशाचं एक कार्ड तेवढं घरी आलं होतं: 'टेकडीवर जागा दिली आहे. झाडाखाली. समुद्र दिसतो.' कार्डावर बंदराचा शिक्का होता, आणि सत्त्याहत्तर वर्षांत त्यापलीकडे कुणाला काही कळलं नव्हतं.

थोरल्या काकांना पाहिलेलं घरात एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे आत्या. वय शहाऐंशी, गुडघे रुसलेले, कान मात्र तिखट. एका सकाळी ती भिंग घेऊन वंशावळीसमोर बसली आणि एकेका चौकोनावरून पुढे सरकत त्या रिकाम्या चौकोनापाशी थांबली.

"हा कुणाचा रे?"

"थोरल्या काकांचा. जागा नक्की माहीत नाही, म्हणून ठेवलाय तसाच."

आत्याने भिंग खाली ठेवलं. "दादा निघाला ना, त्या दिवशी मी माळ्यावर लपून बसले होते. मला न विचारता चालला म्हणून रुसले होते. दारात उभा राहून त्याने तीनदा हाक मारली. मी गेले नाही."

"लहान होतीस गं तू."

"नऊ वर्षांची होते. नऊ म्हणजे काही लहान नाही. हाक ऐकू येत होती मला." मग ती म्हणाली, "तो कुठे आहे तेवढं शोध. एकदा त्याची माफी मागायची आहे. बाकीच्यांचे चौकोन कसेही भर, मला त्याचं काही नाही."

"महिन्याभरात शोधतो," मोजणीकाका म्हणाले. सरकारी खात्यात जन्म गेलेल्या माणसाने 'महिना' हा शब्द इतक्या सहज तोंडातून काढायला नको होता.

बातमी जिन्यावरून खाली आणि वर अशी दोन्हीकडे गेली. तळमजल्यावरचे दातवाले डॉक्टर पेशंटला तोंड उघडं ठेवून बसवून वर आले. "काका, दातांच्या नोंदी मागवा. माणूस ओळखायचा तर दातांवरून."

"अहो, मला माणूस ओळखायचा नाही. जागा शोधायची आहे."

"दात नेहमी जागेवरच असतात," दातवाले म्हणाले आणि पेशंटची आठवण होऊन घाईने खाली गेले.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर जास्त गंभीर होते. कुठेही काहीही पाठवलं तरी पोच घ्यायची, पोच नसेल तर पत्र लिहिलंच नाही असं धरायचं, एवढा एक सल्ला त्यांनी पाऊण तास दिला. तो दिल्याची पोच म्हणून चहा घेतला.

मोजणीकाकांचा विश्वास मात्र योग्य मार्गावर. ते परदेशी पत्रव्यवहाराच्या सरकारी कचेरीत गेले आणि चौथ्या खिडकीशी उभे राहिले. खिडकीआडच्या कारकुनाने अर्ज उलटसुलट पाहिला.

"ज्यांचा शोध घ्यायचा त्यांचं संमतीपत्र कुठे आहे?"

"ते वारले."

"मग वारल्याचा दाखला?"

"तो मिळावा म्हणूनच तर हा अर्ज."

"वारले तेव्हा वय काय?"

"एकोणीस."

कारकुनाचा चेहरा उजळला. "त्या काळच्या नियमाने एकवीसच्या आत म्हणजे अज्ञान. पालकांची सही लागेल."

"पालक म्हणजे माझे आजोबा. त्यांना जाऊन पन्नास वर्षं झाली."

"बरं, आज ते चिरंजीव किती वर्षांचे असते?"

"शहाण्णव."

"मग सज्ञान झालेत की! पालकांची गरजच नाही. त्यांनी स्वतः येऊन सही केली तरी चालेल."

मोजणीकाकांना राग आला तो वेगळ्याच कारणाने. हा सूर त्यांच्या ओळखीचा होता. खिडकीच्या आतल्या बाजूला बसून हाच सूर त्यांनी चौतीस वर्षं लावला होता, आणि बाहेरच्या बाजूने तो इतका बेसूर ऐकू येत असेल याची त्यांना कल्पना नव्हती. तरी ते आणखी सहा आठवडे त्या कचेरीत जात राहिले. अर्धवट सोडणं रक्तात नव्हतं.

शेवटी एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता काकू म्हणाल्या, "अहो, त्या बंदरातल्या दफनभूमीलाच सरळ पत्र का नाही लिहीत?"

सहा आठवड्यांच्या कष्टांचा याहून मोठा अपमान झाला नसता. मोजणीकाका दोन दिवस काकूंशी जेवढ्यास तेवढं बोलले. तिसऱ्या दिवशी, ही कल्पना आपल्याला आधीच सुचली होती अशा आविर्भावात, त्यांनी पत्राचा मसुदा केला. काकूंनी मोबाईलवरून तो तिकडच्या भाषेत करून घेतला, आणि पोस्टमास्तरांच्या देखरेखीखाली पत्र पोचपावतीसकट रवाना झालं.

अकराव्या आठवड्यात एक जाड खाकी पाकीट आलं. दफनभूमीच्या दफ्तरवाल्या बाईंनी जुन्या नोंदवहीच्या एका पानाची आणि दफनभूमीच्या नकाशाची प्रत पाठवली होती. सोबत त्यांची दोन ओळींची चिठ्ठी होती: 'सत्त्याहत्तर वर्षांत या नोंदीची चौकशी प्रथमच आली. पान उघडताना मी उभी राहिले.'

मोजणीकाकांनी हात धुतले, चष्मा पुसला आणि मग पान हातात घेतलं. काकू मोबाईलवरून एकेक रकाना वाचून सांगू लागल्या. थोरल्या काकांचं पूर्ण नाव तिकडच्या लिपीत होतं, एकही अक्षर न गाळता. धंदा सुतार. वय एकोणीस. कारण ताप. सोबत एक घडीची फूटपट्टी, मयताच्या खिशात तशीच ठेवली. जागा: ओळ चौदा, क्रमांक नऊ. आणि शेवटच्या रकान्यात मावेना म्हणून कडेने वर चढवत नेलेली एक ओळ: 'जागा उंचावर द्यावी अशी गोदीतल्या सुतारांची विनंती. मान्य.'

सगळ्या पानावर एकही खाडाखोड नव्हती. मोजणीकाका कितीतरी वेळ त्या अक्षराकडे पाहत राहिले. परक्या मुलखातला एक पोरगा, त्याच्यासाठी विचारायला कधी कुणी येईल याची शक्यता नाही, आणि तरी कुणा अनोळखी कारकुनाने त्याच्या खिशातल्या फूटपट्टीचीसुद्धा नोंद ठेवली होती. आपण चौतीस वर्षांत एकही नोंद इतक्या मायेने केली नाही, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी हे काकूंना सांगितलं नाही, पण ते पान त्यांनी टेबलावर ठेवलं तेव्हा दोन्ही हातांनी ठेवलं.

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. मग त्यांनी नकाशा पाहिला.

नकाशा त्यांना पटला नाही. फाटक खाली, टेकडी वर, उत्तरेचा बाण कोपऱ्यात अंग चोरून आणि तोही खाली तोंड केलेला. वर उजवीकडे शाईचा एक गोल डाग. "आमच्या खात्यात असा नकाशा कुणी दिला असता ना, तर साहेबांनी तो परत डोक्यावर मारला असता," मोजणीकाका म्हणाले. त्यांनी ट्रेसिंग पेपर पसरला आणि नकाशा शास्त्रशुद्ध केला. उत्तर वर आणली. डाग गाळला. ओळी आणि क्रमांक वायव्य कोपऱ्यातून मोजायला घेतले, कारण त्यांच्या खात्यात गावाचे क्रमांक नेहमी वायव्येला सुरू होऊन आग्नेयेला संपत. ओळ चौदा, जागा नऊ, यावर त्यांनी लाल शाईने एक नाजूक वर्तुळ काढलं. इतका सुरेख नकाशा त्यांच्या हातून नोकरीतही उतरला नव्हता.

दफनभूमीच्या फाटकाशी फुलांचं एक दुकान असल्याचं काकूंनी शोधून काढलं होतं. नकाशा तिकडे गेला. दर शुक्रवारी मोठा गुच्छ ठेवावा, एक फोटो पाठवावा, आणि सोबतचं कार्ड फुलांत खोचावं. कार्डावरचा मजकूर आत्याने सांगितला, मोजणीकाकांनी जसाच्या तसा लिहिला आणि काकूंनी तो मोबाईलवरून तिकडच्या भाषेत करून दिला, जिथे 'गेलास' आणि 'गेलीस' एकच: 'तू गेलास तेव्हा मी रुसले होते. तू हाक मारलीस, मी लपून राहिले. तुझी आठवण आली नाही असा एक दिवस गेला नाही. माफ कर.' खाली मात्र कचेरीच्या शिस्तीप्रमाणे 'आपला विश्वासू' आणि अर्जदार म्हणून स्वतःचं नाव, पत्ता, पिनकोडसकट.

फूलवालीने कळवलं की इतका सुंदर नकाशा तिने जन्मात पाहिला नव्हता, आणि तो तिने दुकानात लावला आहे. मोजणीकाकांनी हे वाक्य पोस्टमास्तरांना दोनदा वाचून दाखवलं.

फोटो आला. दगडावर नाव झाकेल एवढा भला मोठा गुच्छ, मागे एक विटांची भिंत.

"झाड कुठे आहे?" आत्याने विचारलं.

"सत्त्याहत्तर वर्षं झाली आत्या. पडलं असेल."

"आणि समुद्र?"

"भिंत बांधली असेल मध्ये."

आत्याने मान डोलावली. मग तो फोटो तिच्या उशाशी गेला आणि रोज दुपारी ती त्याच्याशी बोलू लागली. घर कसं विकलं, आई कशी गेली, माळ्यावर त्या दिवशी किती उकडत होतं, सगळं. महिन्याभरात तिचा चेहरा हलका झाला. ती दोन पोळ्या जास्त खाऊ लागली. मोजणीकाकांनी शेवटचा चौकोन काळ्या शाईत भरला आणि चार पावलं मागे जाऊन पाहिला.

तीन महिन्यांनी एक पत्र आलं. ते काकूंनी मोबाईलच्या मदतीने मोठ्याने वाचलं.

'महोदय, मी निवृत्त घड्याळजी आहे. वय एक्याण्णव. माझी पत्नी अकरा वर्षांपूर्वी वारली. गेले तीन महिने दर शुक्रवारी तिच्या कबरीवर फुलं येतात. कार्डावर लिहिलं आहे की ती गेली तेव्हा आपण रुसला होता, तिने हाक मारली तरी लपून राहिला, आणि तिची आठवण आली नाही असा आपला एक दिवस गेला नाही.'

इथे काकू थांबल्या आणि त्यांनी चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. "काय हो?"

"पुढे वाच," मोजणीकाका क्षीण आवाजात म्हणाले.

'खाली आपलं नाव, पत्ता आणि पिनकोड आहे. आमचा संसार बावन्न वर्षांचा होता. ती आपल्याला सोडून केव्हा आली, तेवढंच कळवावं. मला राग नाही. पण झोप येत नाही.'

मोजणीकाकांनी मूळ नकाशा काढला. या वेळी त्यांनी तो फिरवला नाही. आपण फाटकातून आत चाललो आहोत असं धरून, ज्याने तो काढला त्याच्या नजरेने पाहिला. फाटकापासून मोजत चौदावी ओळ, डावीकडून नववी जागा. बोट टेकडीच्या माथ्यावर आलं. पलीकडे समुद्राची रेघ होती. आणि बोटाच्या बरोबर खाली तो शाईचा डाग.

तो डाग नव्हता. ते झाड होतं.

ते खुर्चीत बसले. नकाशा लोकांसाठी काढला होता, पायी चालत येणाऱ्या, फुलं घेऊन येणाऱ्या लोकांसाठी. त्यात कुणी जागेचं झाडसुद्धा दाखवलं होतं, आणि त्यांनी ते शास्त्रशुद्ध पद्धतीने पुसून टाकलं होतं. लाज वाटली. खूप लाज वाटली.

आता आत्याला कोण सांगणार? मोजणीकाकांनी तीन दिवस टाळाटाळ केली. दातवाल्यांचं मत पडलं की हलणारा दात जिभेने हलवत बसू नये, ओढून मोकळं व्हावं. पोस्टमास्तर म्हणाले, "पत्ता चुकला की पत्र परत येतं हो. पण ते कुणी फोडून वाचलं असेल तर त्याला आमच्या खात्यात कलम नाही." काकूंनी काहीच सल्ला दिला नाही. त्यांनी फक्त आत्याच्या शेजारी एक रिकामी खुर्ची आणून ठेवली.

मोजणीकाका त्या खुर्चीत बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. फाटक, बाण, वायव्य, झाड. शेवटी म्हणाले, "आत्या, नकाशा बरोबर होता. चुकलो मी." हे वाक्य त्यांच्या तोंडून काकूंनी लग्नानंतर प्रथमच ऐकलं.

आत्याने उशाशी ठेवलेला फोटो हातात घेतला. "म्हणजे दादाला अजून काहीच ठाऊक नाही," ती म्हणाली. तिचा आवाज नऊ वर्षांच्या मुलीसारखा झाला होता, आणि मोजणीकाकांना तिच्याकडे पाहवेना. मग ती म्हणाली, "आणि त्या बाईला सगळं ठाऊक!" तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, आणि कुठे हसू संपलं नि कुठे रडू सुरू झालं ते कुणालाच कळलं नाही. पदराने डोळे पुसून तिने हुकूम सोडला, "आधी त्या माणसाला कळव. झोप येत नाही म्हणतोय बिचारा."

त्या पत्राला मोजणीकाकांना चार दिवस लागले. त्यांनी आत्याबद्दल लिहिलं, माळ्याबद्दल लिहिलं, स्वतःच्या चुकीबद्दल कसलीही सबब न सांगता लिहिलं, मूळ नकाशाची प्रत जोडली आणि झाडाभोवती बारीक पेन्सिलीने खूण केली.

तीन आठवड्यांनी घड्याळजींचं उत्तर आलं तेव्हा दातवाले आणि पोस्टमास्तर दोघेही बसलेले होते. काकू वाचू लागल्या.

घड्याळजींनी लिहिलं होतं की पत्र मिळालं त्या दिवशी त्यांना दुपारीसुद्धा झोप लागली. मग ते लेकीचा हात धरून टेकडी चढले. वाटेत तीनदा बसावं लागलं. झाड उभं आहे, खोड दोन माणसांच्या कवेत मावणार नाही. त्याखाली दगड नाही, एक लाकडी फळी आहे. आणि ती फळी नवी आहे. अजून तेलाचा वास येतो.

"नवी कशी?" पोस्टमास्तर म्हणाले. काकूंनी हाताने थांबा अशी खूण केली.

घड्याळजींनाही तोच प्रश्न पडला, म्हणून ते गोदीत गेले होते. तिथल्या सुतारांनी सांगितलं की सत्त्याहत्तर वर्षांपूर्वी बोटीवरचा एक परदेशी सुतार इथे गेला. त्याच्यासाठी पहिली फळी गोदीतल्या सुतारांनी केली. पण समुद्राच्या वाऱ्यात लाकूड टिकत नाही. सात-आठ वर्षांत फळी कुजते. तेव्हा जो सुतार गोदीत सगळ्यात नवा असेल, त्याने स्वतःच्या हाताने नवी फळी करायची, असा तिथला पायंडा पडला आहे. त्याला काम येतं की नाही, ते त्यावरून ठरतं. सध्याची फळी दहावी. जुन्या नऊ फळ्या कारखान्याच्या भिंतीला ओळीने टेकवून ठेवल्या आहेत. प्रत्येकीवर तेच नाव, 'सुतार, एकोणीस', आणि खाली कोरलेली घडीची फूटपट्टी. 'त्यांतल्या कुणालाही ते नाव उच्चारता येत नाही,' घड्याळजींनी लिहिलं होतं, 'पण सगळ्यांना ते कोरता येतं.'

मोजणीकाका मनातल्या मनात दहा माणसं मोजत होते. दहा अनोळखी माणसं, एकमेकांनंतर आलेली, ज्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पाहत नव्हतं, कुणी पोच देणार नव्हतं. आपलं माणूस हरवलं असं इथे सगळे धरून चालले होते, आणि तिकडे ते एक दिवसही हरवलं नव्हतं. ते उगाचच खिडकी उघडायला उठले.

पुढच्या शुक्रवारी ठरल्या वेळी मोबाईल वाजला. इथे दुपार होती, तिकडे सकाळ. पडद्यावर घड्याळजी दिसले, बारीक अंगाचे, डोक्यावर टोपी. त्यांच्या लेकीने फोन हळूच वळवला. झाड दिसलं. फळी दिसली. फळीच्या मागे, पार टोकापर्यंत, समुद्र होता.

आत्या पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मला उठव."

"आत्या, बसूनच बोल ना. गुडघे..."

"उठव म्हणते ना."

एका बाजूने काकूंनी धरलं. मोबाईल हातात घेऊन मोजणीकाका पुढे झाले. आत्या बैठकीतून निघाली, वंशावळीवरून पुढे, चपलांच्या कपाटाला हात टेकत, एकेक पाऊल टाकत चालली. दिवाणखाना सव्वापाच मीटरचा होता, हे मोजणीकाकांना पाठ होतं. तो इतका लांब त्यांना कधी वाटला नव्हता. आत्याने कडी स्वतः काढली, दार सताड उघडलं आणि उंबऱ्यावर उभी राहिली.

"आले रे दादा," ती म्हणाली. "दाराशी आले. जरा उशीर झाला."

आणि तिने हात हलवला, लांब जाणाऱ्या माणसाला दिसावा असा, उंच. टेकडीवर घड्याळजींना एक शब्दही कळला नव्हता, पण त्यांनी टोपी काढली. आत्या बराच वेळ हात हलवत होती. मोजणीकाकांनी दोन्ही हातांनी मोबाईल घट्ट धरून ठेवला होता. दाराचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे पाहायचं त्या दिवशी त्यांना सुचलं नाही.